माकडताप (सत्तरी, गोवा)

माकडताप : गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणुजन्य ताप. शास्त्रीय नाव क्यासनूर अरण्य रोग. गोव्यात तो प्रामुख्याने सत्तरी तालुक्यात आणि काजूच्या मोसमात आढळतो. रूढ नाव मात्र माकडावर अन्याय करणारे आहे. विषाणूची लागण झालेली वानरे आणि माकडे स्वतःच मोठ्या संख्येने मरतात. माणसाला ती हा रोग थेट देत नाहीत.

रोगाची पहिली ओळख 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पटली. तेथे आधी माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत तापाची साथ आली. भारतात पीतज्वर शिरला की काय, अशी धास्ती तेव्हा घेतली गेली, कारण त्या रोगातही माकडे मरतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केलेल्या तपासात हा वेगळाच, रशियातील गोचीडजन्य विषाणूंच्या जवळचा विषाणू निघाला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ हा ताप म्हणजे शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांचे दुखणे, असेच मानले जाई. 2012 नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड या भागांत दिसू लागला. 2015 मध्ये सत्तरीतील पाली गावात साथ आली आणि 2016 च्या आरंभी सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातील केर गावात रुग्ण सापडले. सत्तरी आणि दोडामार्ग यांच्यामध्ये राज्याची हद्द असली, तरी डोंगर आणि रान एकच आहे. एखाद्या गावात पहिला रुग्ण नोंदला गेला म्हणजे विषाणू त्याच वर्षी तेथे पोहोचला, असेही मानू नये. रक्ताची नेमकी तपासणी होत नसेल, तर असा ताप डेंग्यू किंवा ‘साधा ताप’ म्हणून सहज खपून जातो.

विषाणूचे खरे बिऱ्हाड जंगलातील गोचिडीत असते, विशेषतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीत. अंड्यातून बाहेर पडल्यावर गोचीड तीन अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेत तिला एकदा रक्त लागते. पावसाळ्याच्या शेवटी निघालेल्या अळ्या उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान प्राण्यांवर पोसतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पिल्ले, म्हणजे अळीनंतरची अवस्था, पाचोळ्यात आणि बुटक्या झुडपांवर दबा धरून असतात. माणसाला चावतात ती मुख्यतः हीच. ती खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरे, हरणे अशा मोठ्या जनावरांवर जगते. रानात चरणारी गुरे म्हणूनच गोचिडींची संख्या वाढवतात, जरी ती स्वतः या रोगाने फारशी आजारी पडत नाहीत. एकदा विषाणू अंगात शिरला की गोचीड तो जन्मभर बाळगते.

माकडाचे काम या साखळीत विषाणू वाढवण्याचे. त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो आणि त्या काळात चावणाऱ्या गोचिडी बाधित होतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तेवढा तुकडा धोक्याचा बनतो. माणूस मात्र साखळीचे शेवटचे टोक आहे. एका माणसाचा ताप दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही.

आता काजूकडे वळू. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेल्या या झाडाने सत्तरीचे डोंगर व्यापले आहेत आणि वाळलेल्या पानांचा जाड थर त्याच्याखाली साचतो. फेणी या दारूसाठी बोंडू, म्हणजे काजूचे रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक गळलेला बोंडूच गोळा करतात. म्हणजे फेब्रुवारी ते मे हे महिने घरातली माणसे, बायका आणि शेतमजूर सकाळपासून वाकून, पाचोळा चाळत, बोंडूमागून बोंडू उचलत असतात. गोचिडीच्या पिल्लांचाही मोसम हाच. बोंडू खायला वानरेही बागायतीत उतरतात. एवढ्या गोष्टी एका ठिकाणी, एकाच वेळी जुळल्यावर साथीसाठी आणखी काही लागत नाही. सत्तरीत रुग्ण सापडले ते बहुतांशी काजूच्या बागायतीत राबणारेच. शिमोग्यात लाकूडफाटा आणायला गेलेल्यांना जे होत होते, ते येथे बोंडू वेचणाऱ्यांना झाले.

चावा घेतल्यानंतर साधारणतः तीन ते आठ दिवसांनी ताप एकाएकी चढतो. कपाळ ठणकते, अंग इतके दुखते की कूस बदलणे नकोसे होते, डोळे लाल होतात, उलट्या होतात. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून वा आतड्यांतून रक्त जाते. बहुतेक रुग्ण दोनेक आठवड्यांत सावरतात, पण थकवा रेंगाळतो. दहा ते वीस टक्के रुग्णांत हा रोग फसवतो : ताप उतरतो, एक-दोन आठवडे बरे जातात आणि मग ताप पुन्हा येतो. या वेळी तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, हातापायांना कंप, बरळणे अशी मेंदूची लक्षणे सोबत असतात. मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के आहे. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर आणि पुढे प्रतिपिंडांची चाचणी निदान करते. लेप्टोस्पायरोसिस व डेंग्यू गोव्यात पावसाळ्यात बळावतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात बागायतीतून आलेल्या तापाच्या रुग्णाबाबत डॉक्टरांना महिना आणि धंदा या दोन गोष्टींवरूनच बरेच उमगते.

विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि ॲस्पिरिन टाळणे, हाच उपचार. जुनी लस महिन्याच्या अंतराने दोन मात्रांत आणि पुढे वारंवार बूस्टर अशी द्यावी लागे. तिचा प्रभाव अपुरा ठरल्याने 2022 मध्ये तिचा वापर थांबला. उरतो तो गोचीड टाळण्याचा मार्ग : कामाला निघताना हातापायांना गोचीड पळवणारे तेल चोळणे, अंगभर कपडे घालणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात धुणे. मे महिन्याच्या उकाड्यात अंगभर कपड्यांचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण, हे खरेच. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. त्या जागेभोवती मॅलॅथिऑन हे कीटकनाशक फवारले जाते आणि तेथील बोंडू त्या मोसमात सोडून द्यावे लागतात.