तुमची जुनी पीएनजी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सेव्ह करू नका

(2013 च्या आधी आमच्याकडून वेबसाइट, लोगो किंवा चादर-टॉवेलचा कॅटलॉग करून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

त्या वर्षांतलं आमचं बहुतेक काम फायरवर्क्स या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये झालं. मॅक्रोमीडियाने 1998 मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम 2005 मध्ये अडोबीने ती कंपनी विकत घेतल्यावर अडोबीकडे गेला. 2012 ची सीएस6 ही त्याची शेवटची आवृत्ती. पुढच्याच वर्षी अडोबीने त्यात नवीन काही करणार नसल्याचं जाहीर केलं. स्क्रीनसाठी इतकं हाताला बसलेलं साधन आम्हाला पुन्हा मिळालं नाही. फोटो आणि रेषाकाम एकाच पानावर, आणि एक बटण बदललं की ते जिथे जिथे वापरलंय तिथे सगळीकडे बदलायचं. ही सोय आज फिग्मा या डिझाइनच्या प्रोग्रॅममुळे सगळ्यांना ओळखीची झाली आहे.

तुमच्या कामाची गोष्ट अशी, की फायरवर्क्सची ओपन फाइल (म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल) सुद्धा पीएनजीच असते. मोबाइलवर ती साध्या फोटोसारखी उघडते. पण तिच्या पोटात लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), अक्षरं, कॅटलॉगची वेगवेगळी पानं असं सगळं सुटं ठेवलेलं असतं. '30 बाय 60 इंच' हा टॉवेलचा आकडा बदलायचा असेल तर त्या फाइलमध्ये दोन मिनिटांत बदलतो. तीच फाइल कुणी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केली, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली, की पोटातलं सगळं जातं, नुसतं चित्र उरतं. मग डिझाइन पहिल्यापासून करावं लागतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ग्राहकाचा अख्खा कॅटलॉग असा गेला, त्याची आम्हाला आजही हळहळ वाटते.

एकाच नावाच्या दोन पीएनजी सापडल्या तर मोठी फाइल जपा, बहुधा तीच ओपन फाइल असते. नावाच्या शेवटी 'एफडब्ल्यू.पीएनजी' (.fw.png) असेल तर शंकाच नको.

फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी करून आणा. सीएस6 चालणारा विंडोज कॉम्प्युटर आम्ही मुद्दाम राखून ठेवला आहे. (नव्या मॅकवर ते चालत नाही. 2019 च्या कॅटालिना या मॅकच्या सिस्टिमपासून असे जुन्या 32-बिट पद्धतीचे प्रोग्रॅम बंद झाले.) तिथून आम्ही लेअरसकट फोटोशॉपची फाइल काढून देतो. काही इफेक्ट आणि अक्षरांच्या जागा थोड्या हलतात, त्या हाताने बसवाव्या लागतात.

मराठी मजकुराचं काम जास्त किचकट. तेव्हा तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असायचा, आणि तो फॉन्ट नसला की 'सोलापूर'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. फॉन्टची जुनी सीडी कपाटात सापडली, तर तीही सोबत आणा.