बोंडातच रंगलेला कापूस

कापूस पांढराच असतो आणि रंगीत सुती कापड म्हणजे रंगवलेलं कापड, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात केजन समाजाच्या घरांमधली जुनी हातमागाची पांघरुणं पाहिली की हा समज टिकत नाही. त्यांतले तपकिरी पट्टे कोणी रंगवलेले नाहीत. तो कापूस झाडावरच तपकिरी होतो.

केजनांचे पूर्वज अकेडियन, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच भाषक शेतकरी. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हाकललं. त्यांतली काही कुटुंबं १७६५ च्या सुमारास लुइझियानात येऊन वसली. आधी ती लोकर आणि जवसाचे तंतू कातत. या उष्ण, दमट मुलखात कापूस हाती आला. बायका रुई दातेरी पाट्यांवर विंचरून पेळू करत, चरख्यावर सूत कातत आणि साध्या मागावर विणत. लेकीच्या लग्नासाठी आईने विणलेली पांघरुणं हा तिथला जिव्हाळ्याचा ठेवा. ही कला जपणाऱ्या ग्लॅडिस क्लार्क यांना १९९७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

मला मात्र सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो रंग. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. ती दोन-तीन सेंटिमीटर लांब वाढते, मग तिच्या भिंतीवर सेल्युलोजचे थर चढतात. तपकिरी वाणात याच पेशीत प्रोअँथोसायनिडिन नावाचे टॅनिन, म्हणजे तुरट पदार्थ, साठतात. असे टॅनिन पांढऱ्या वाणाच्या सरकीच्या सालीतही असतात. पण त्या वाणात ते तयार करायला लावणारं जनुक तंतूत मात्र गप्प असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तपकिरी रंगाचा संबंध अशाच एका नियंत्रक जनुकाशी जोडला. तपकिरी वाणात ते तंतूतही जागं असतं. बोंड उकलेपर्यंत तंतू फिकाच दिसतो. पुढे पेशी वाळते, टॅनिनचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन नावाची रंगीत संयुगं बनतात आणि तपकिरी छटा चढते, कापलेलं सफरचंद काळवंडतं तशीच. रंग तंतूच्या पोकळीत असल्यामुळे धुण्याचा परिणामही उलटा होतो: गरम, अल्कधर्मी पाण्यात तो फिका पडण्याऐवजी गडद होतो.

त्याच संशोधनात या तपकिरी तंतूंमध्ये ज्वलनरोधाचा गुणही आढळला. म्हणून हे कापड जळतच नाही, असं कोणी सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. ते पेटतं. ‘अंगातलं विष शोषून घेणारा नैसर्गिक रंग’ ही तर शुद्ध थाप आहे.

मग हा कापूस मागे का पडला? त्याचा तंतू सहसा आखूड आणि कमी मजबूत असतो. हाताने कातताना जास्त पीळ देऊन निभावून नेता येतं. गिरणीला लांब, एकसारखा धागा लागतो, शिवाय पांढऱ्या रुईत तपकिरी तंतू मिसळले तर माल बिघडतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘वैदेही ९५’ हे तपकिरी वाण काढलं आहे. शेजारच्या शेतातल्या पांढऱ्या कापसाशी त्याचा परागसंकर होऊ न देणं, हे काम शेतकऱ्यालाच सांभाळावं लागणार आहे.