झिलई व भाजणीचे प्रयोग

झिलई (ग्लेझ) म्हणजे मातीच्या पात्रावर भट्टीत वितळून घट्ट बसणारा काचेचा पातळ थर. ही काच सिलिकेची असते; मात्र शुद्ध सिलिका वितळण्यास सु. १,७००° से. इतके तापमान लागते व हस्तकलेच्या भट्टीत ते गाठता येत नाही, म्हणून सोडा, पोटॅश, चुना किंवा बोरॉन असलेली द्रव्ये मिसळून वितळबिंदू खाली आणतात. ॲल्युमिनामुळे वितळलेल्या थराला दाटपणा येतो आणि तो उभ्या बाजूवरून ओघळत नाही. या घटकांची प्रमाणे, रंग देणारी धातूंची ऑक्साइडे आणि भाजणीची रीत बदलून परिणाम तपासणे, हे हाताने पात्रे घडविणाऱ्या कारागिराच्या कामाचे नित्याचे अंग होय.

चाचणी एका वेळी एकच गोष्ट बदलून घेतात. दोन झिलया घेऊन त्यांची मिश्रणे ९०:१०, ८०:२० अशा पायऱ्यांनी करतात व प्रत्येक मिश्रण कच्च्या भाजणीतून, म्हणजे सु. ९००° ते १,०००° से. पर्यंत भाजून काढलेल्या छोट्या पट्टीवर लावतात. पट्टी आडवी न ठेवता उभी भाजतात, कारण झिलई किती वाहते हे आडव्या पट्टीवर कळत नाही. पट्टीच्या तळाशी क्रमांक लिहावा तो लोहाच्या ऑक्साइडाने. पेन्सिलीने लिहिलेला आगीत जळून जातो आणि सगळी भट्टी निनावी पट्ट्यांची होते.

एकाच मिश्रणाचा रंग भट्टीतील हवेनुसार पार पालटतो. भरपूर हवा मिळाल्यास तांबे सामान्यतः हिरवा रंग देते. हवा कमी करून ज्वाला धुरकट ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड ऑक्साइडातील ऑक्सिजन ओढून घेतो (क्षपण) आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेले तेच तांबे रक्तासारखा लाल रंग देऊ शकते. हा लाल रंग मोठा लहरी असतो. काठावर थर पातळ असल्याने तेथे तो टिकत नाही व पांढुरकी कड उरते. बाष्परूपाने उडालेले तांबे कधीकधी शेजारच्या पात्रावरही गुलाबी छटा उमटविते. लोहाचे वागणे त्यामानाने शिस्तीचे: क्षपणात एक-दोन टक्के लोहाने सेलाडॉन नावाच्या झिलईचा निळसर हिरवा, तर आठ-दहा टक्क्यांनी काळा किंवा गडद तपकिरी रंग येतो.

झिलई पिकणे केवळ तापमानावर नव्हे, तर ते किती वेळ राहिले यावरही अवलंबून असते. म्हणूनच जर्मन रसायनज्ञ हेरमान सेगर यांनी १८८६ मध्ये तयार केलेल्या पद्धतीचे शंकू (पात्रांबरोबर भट्टीत ठेवायचे खनिज मिश्रणाचे छोटे सुळके) तापमापक असतानाही वापरले जातात. शंकू ठराविक उष्माकार्य (तापमान व वेळ यांचा एकत्रित परिणाम) झाले की वाकतो. निववणीची गतीही दुर्लक्षून चालत नाही. जस्तयुक्त झिलई १,१००° से. च्या खाली काही तास धरून ठेवली, तर तिच्यात पंख्यासारखे स्फटिक वाढतात. याच्या अगदी उलट राकू पद्धतीत लाल तापलेले पात्र चिमट्याने थेट बाहेर काढतात. ही पद्धत सोळाव्या शतकातील जपानी चहापात्रांची असली, तरी तापलेले पात्र भुशात पुरून धुरावण्याची प्रथा विसाव्या शतकात अमेरिकेत रुजली.

थंड होताना झिलई मातीहून अधिक आकसली, तर तिच्यावर बारीक तड्यांची जाळी पडते. सिलिका वाढवून किंवा सोडा कमी करून ती बहुधा घालविता येते. खाण्यापिण्याच्या पात्रांसाठी शिशाची झिलई टाळतात, कारण आंबट पदार्थांत शिसे उतरते. कोरडी भुकटी मिसळताना सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून मुखपट्टी बांधतात.