दोन्ही डब्यांवर पॉइंट टू-टू, पण गप्प एकच बसते

विलायतेत सशांचा उपद्रव म्हणजे आपल्याकडे रानडुकरांचा. गव्हाचे कोवळे कोंब बांधाकडेनं साफ होतात, म्हणून शेतकरी रात्री पॉइंट टू-टू (.22 इंची नळीची) रायफल घेऊन निघतो. तिथं ते कायदेशीर आहे, मात्र रायफलीला परवाना लागतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानसशावर बार काढणं हा गुन्हा आहे, तेव्हा पुढचं सगळं तिकडचंच समजा.

त्याच्या कपाटात काडतुसांच्या दोन डब्या असतात. दोन्हींवर .22 एलआर (लाँग रायफल) लिहिलेलं, दोन्ही एकाच रायफलीत बसतात, आणि गोळीही दोन्हींत बहुधा 40 ग्रेनच्या आसपासची, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जास्त. फरक बारीक अक्षरांत असतो. एकीवर ‘सबसॉनिक’, म्हणजे ध्वनीहून संथ, दुसरीवर ‘हाय व्हेलॉसिटी’, म्हणजे जादा वेगाची.

नळीला मॉडरेटर (आपण सायलेन्सर म्हणतो तोच) लावला की बंदूक मुकी होते, असा सिनेमाचा समज. पण आवाज दोन ठिकाणी होतो. एक नळीच्या तोंडाशी, दारूचा तापलेला वायू एकदम बाहेर फुटतो तेव्हा. मॉडरेटरच्या कप्प्यांत तो रेंगाळतो, थंडावतो, आणि बार दबतो. दुसरा आवाज वाटेत होतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली की हवेत कडाका उठतो. पोतराजाचा आसूड कडाडतो त्याचं कारणही हेच: आसुडाचं टोक ध्वनीला मागं टाकतं. त्या कडाक्यापुढे मॉडरेटरचं काही चालत नाही. गोळी तर केव्हाच त्याच्या हातातून सुटलेली असते.

आता आकडे. 20 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 1,125 फूट. हाय व्हेलॉसिटी गोळी सुटते 1,250 च्या आसपास, सबसॉनिक 1,050 च्या आत-बाहेर. या दोन्हींच्या मध्ये ‘स्टँडर्ड’ नावाची तिसरी जात आहे, 1,070-1,080 ची, आणि खरी फसगत तीच करते. उन्हाळ्यात ती गप्प असते. पारा शून्यावर आला की ध्वनीच 1,087 पर्यंत मंदावतो आणि डबीतलं एखादं जरा जोरकस काडतूस अचानक कडाडतं. हिवाळ्यात म्हणूनच सबसॉनिकच घ्यावं.

मॉडरेटरसह सबसॉनिक झाडली की आधी घोड्याची टक्, मग ‘फुस्स’, आणि क्षणभरानं पलीकडून ‘थप’. गोळी लागल्याचा आवाज तुमच्या कानावर येतो, एवढी शांतता. शेजारचे ससे कान टवकारतात आणि बऱ्याचदा पुन्हा चरू लागतात.

संथ म्हणजे अचूकतेत कमी, असं मात्र नाही. ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळू शकते; मुळातच हळू निघालेली त्या भानगडीत पडत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातली नेमबाजीची काडतुसंही संथ जातीचीच असतात.

किंमत मोजावी लागते ती पल्ल्यात. सबसॉनिकची ताकद नळीपाशी सुमारे 130 ज्यूल, हाय व्हेलॉसिटीची 190. रायफल 50 यार्डांवर जुळवली, तर 100 यार्डांवर सबसॉनिक सुमारे सात इंच खाली पडते. सशाचं डोकं केवढं असतं? म्हणून 50-60 यार्डांपुढे मोह आवरावा, नाहीतर जनावर जखमी होऊन बिळात जातं. गोळी पुढून पोकळ, ‘हॉलो पॉइंट’च हवी. साधी शिशाची संथ गोळी दगडावर आपटली की चिंगाट कुठंही उसळते. पोकळ गोळीही उसळत नाही असं नाही, त्यामुळे सशामागं मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचाच नाही.

सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलीत आणखी एक अडचण. सबसॉनिकचा धक्का कधीकधी पुरत नाही आणि रिकामं काडतूस अर्ध्यात अडकतं. शिवाय आतलं यंत्र स्वतःच खडखडतं. या कामाला हातानं बोल्ट ओढायची साधी रायफल बरी. हाय व्हेलॉसिटीची डबी दिवसा, उघड्यावर, आवाजानं कुणाचं बिघडत नसेल तेव्हासाठी ठेवावी. आणि डबी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवावी, कारण दोघींचा नेम एका जागी पडत नाही.