पिशवीच्या अस्तराची तपासणी: खरवडण्यापासून लघवीच्या नमुन्यापर्यंत

पाळी जाऊन चार-पाच वर्षे झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले, की सांगली जिल्ह्यात आजही मिरजेचे नाव निघते, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. अशा बाईला पूर्वी ‘पिशवी धुवून घ्या’ असे सांगितले जाई. हा शब्द तसा फसवाच, कारण प्रत्यक्षात भूल देऊन, गर्भाशयाचे मुख रुंदावून आतले अस्तर खरवडले जाते. त्यासाठीचे क्युरेट हे हत्यार फ्रान्सच्या रेकामिए यांनी एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान त्यावरच अवलंबून राहिले.

पापानिकोलाऊ यांची पेशीतपासणी (पॅप स्मिअर) १९४० च्या दशकात रूढ झाली, पण ती मुखाच्या कर्करोगासाठी. अस्तरातल्या पेशी तिच्यात सापडल्याच तर योगायोगाने. गावच्या शिबिरात ॲसिटिक ॲसिड लावून होणारी तपासणीही मुखाचीच असते, आणि ‘पिशवी तपासली, काही नाही’ हा गैरसमज तेथूनच पसरतो.

खरा बदल १९८० नंतर झाला. पिपेल ही बारीक प्लॅस्टिकची नळी आल्यावर भूल न देता, बाह्यरुग्ण विभागातच अस्तराचा नमुना घेता येऊ लागला. योनीमार्गे होणाऱ्या सोनोग्राफीने तर गर्भाशयात काही न घालता अस्तराची जाडी मोजता आली: पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या ११६८ स्त्रियांच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक अभ्यासात ५ मिमीपेक्षा पातळ अस्तरात एकही कर्करोग आढळला नाही. पुढे मात्र पातळ अस्तरातलेही काही कर्करोग नोंदले गेले, म्हणून रक्तस्राव थांबत नसेल तर केवळ मापावर विसंबणे योग्य नाही.

अशा रक्तस्रावाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींनाच कर्करोग निघतो. उरलेल्या एक्याण्णव जणींना खरवडण्यातून वाचवता यावे, हीच सोप्या तपासणीच्या शोधामागची प्रेरणा. आपल्याकडे तिला आणखी एक कंगोरा आहे. या साखरपट्ट्यात ऊसतोडीला येणाऱ्या बीडच्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि त्यांतल्या अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मुखाजवळून ब्रशने घेतलेल्या द्रवातील डीएनएमधले बदल शोधून अस्तराचे ८१ टक्के कर्करोग ओळखले. २०२१ मध्ये मँचेस्टरच्या गटाने लघवी आणि योनीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकत्रित तपासून सुमारे ९२ टक्के ओळखले. तक्रार नसलेल्या सर्व स्त्रियांची सरसकट चाळणी करावी, अशी शिफारस मात्र यांतल्या एकाही तपासणीसाठी झालेली नाही.