आजी तोलामोलाची होती का? लिप्पेच्या गादीचा वाद आणि त्यामागची लग्नं

गेटवे ऑफ इंडियावर ज्या राणीचं नाव कोरलंय ना, २ डिसेंबर १९११ ला राजाबरोबर मुंबईत उतरली ती, तिच्या वडिलांना जर्मनीत स्वतःच्या घराण्याच्या गादीवर काडीचाही हक्क नव्हता. कारण काय तर त्यांची आई हंगेरीची काउंटेस होती, राजघराण्यातली नव्हती. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १८३५ मध्ये तिच्याशी लग्न केलं तेव्हाच ठरलं की मुलं बापाचं नाव आणि पद लावणार नाहीत, पुढे त्यांच्यासाठी 'टेक' हे वेगळं नाव काढलं. आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयचंही तेच. त्याचे आजोबा हेसेचे राजपुत्र, त्यांनी रशियन सैन्यातल्या एका पोलिश जनरलच्या मुलीशी १८५१ मध्ये पळून जाऊन लग्न केलं, म्हणून मुलं हेसेची राहिली नाहीत, बॅटनबर्ग झाली, आणि १९१७ मध्ये ब्रिटनमध्ये जर्मन नाव अडचणीचं झालं तेव्हा माउंटबॅटन.

अशा लग्नाला मॉर्गनॅटिक म्हणतात. इथे एक घोळ आधी मिटवायला हवा, कारण मराठीत कोणी कोणी याला सरळ 'अनौरस संतती' लिहून मोकळं होतं आणि ते साफ चूक आहे. लग्न चर्चमध्ये लागतं, कायदेशीर असतं, बायको बायकोच असते, रखेल नाही, मुलं औरसच असतात. फक्त नवऱ्याचं पद तिला मिळत नाही आणि मुलांना गादी मिळत नाही. जर्मनमध्ये याला 'डाव्या हाताचं लग्न' असंही म्हणायचे, कारण नवरा नवरीचा हात उजव्याऐवजी डाव्या हातात धरायचा. मॉर्गनॅटिक हा शब्द लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी मुलीला जी भेट द्यायची पद्धत होती त्यावरून आला असं मानतात, म्हणजे तिला तेवढंच, बाकी वाटा नाही.

आता याच्या उलट बाजूचा शब्द म्हणजे बरोबरीचं कूळ, जर्मनमध्ये 'एबेनब्युर्टिग'. खरी भानगड या शब्दाची आहे. कोण बरोबरीचं? राज्य करणारी घराणी तर झालीच. १८१५ ला व्हिएन्नात नकाशा नव्याने आखला तेव्हा ज्या छोट्या छोट्या संस्थानिकांची राज्यं आधीच गेली होती त्यांनाही जर्मन संघाच्या करारातल्या १४व्या कलमाने सांगितलं की राज्य गेलं तरी तुमचं कूळ बरोबरीचंच धरलं जाईल. जर्मनीतल्या गोथा गावाहून दरवर्षी वंशावळीचं एक पुस्तक निघायचं त्यात मग यांची वेगळी यादी असायची आणि मुलगी बघताना लोक तीच यादी उघडायचे. त्या यादीच्या खाली जे सरदार, जहागीरदार, त्यांच्याशी रोटीव्यवहार चालेल पण बेटीव्यवहार नाही. आणि गंमत अशी की नियम सगळीकडे सारखा नव्हताच, प्रत्येक घराण्याचा आपापला कायदा, तोसुद्धा बऱ्याचदा लिहिलेला नाही, 'आमच्याकडे चालत आलंय' एवढाच आधार. म्हणजे भांडायला रान मोकळं.

आणि भांडण झालं ते लिप्पेत. लिप्पे म्हणजे जर्मन साम्राज्यातलं अगदी चिमुकलं राज्य, राजधानी डेटमोल्ड, क्षेत्रफळ साधारण १,२०० चौरस किलोमीटर, आपली मुंबई दोनदा बसेल इतकंच. साम्राज्यात तेव्हा २२ राजे-ड्यूक-प्रिन्स होते त्यातलं हे एक. १८९५ च्या मार्चमध्ये तिथला प्रिन्स निपुत्रिक वारला. गादी भावाकडे गेली पण भाऊ मनोरुग्ण, त्यालाही मूलबाळ नाही, म्हणजे रीजंट, राजाच्या नावाने कारभार बघणारा, नेमायचा आणि जो रीजंट होईल तोच उद्या गादीच्या सगळ्यात जवळ. मेलेल्या प्रिन्सने आधीच एक हुकूम लिहून ठेवला होता, तो बाहेर काढला तर त्यात रीजंट म्हणून नाव निघालं शेजारच्या शाउमबुर्ग-लिप्पे घराण्यातल्या धाकट्या राजपुत्राचं. हा कोण तर कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, मेहुणा, सख्ख्या बहिणीचा नवरा.

(या बहिणीचीही एक गोष्ट आहेच. तिला आधी बल्गेरियाचा गादीवरचा प्रिन्स पसंत होता, तोच वर सांगितलेल्या बॅटनबर्ग घराण्यातला. बर्लिनने ते जमू दिलं नाही, मुख्य कारण रशियाची नाराजी, पण घराण्याचा दर्जाही बोलून दाखवला गेला. मग १८९० मध्ये तिचं लग्न या शाउमबुर्गवाल्याशी लावलं.)

वंशावळीने बघितलं तर लिप्पेच्या गादीला जवळची शाखा शाउमबुर्ग नव्हतीच, बीस्टरफेल्ड होती. या शाखेचा काउंट उभा राहिला आणि म्हणाला हक्क माझा. त्यावर शाउमबुर्गच्या वकिलांनी जे काढलं ते अफलातून होतं. काउंटच्या आजीचं लग्न १८०३ मध्ये झालं होतं, ती फॉन उनरुह नावाच्या घराण्यातली, म्हणजे साधे सरदार, म्हणून ते लग्न बरोबरीचं नाही, म्हणून तिचा मुलगा हक्कदार नाही, म्हणून नातू पण नाही. ९० वर्षं कोणी चकार शब्द काढला नव्हता आणि आता आजीचा बाप कोण, त्याचा बाप कोण, सरदारकी किती पिढ्यांची, याची कागदपत्रं शोधायला माणसं लागली. मला विचाराल तर हा सरळसरळ खोडसाळपणा होता, कारण शाउमबुर्गच्या स्वतःच्या घरात १८व्या शतकात अशीच साध्या सरदारांची मुलगी सून म्हणून आली होती आणि बुकेबुर्गला, म्हणजे शाउमबुर्गच्या राजधानीत, तिचेच वंशज राज्य करत होते. बीस्टरफेल्डच्या वकिलांनी हे सोडलं नाही हे सांगायला नकोच.

शेवटी लवाद नेमला, अध्यक्ष सॅक्सनीचा राजा, सोबत साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश. १८९७ मध्ये निकाल लागला, आजी बरोबरीची. मेहुणेबुवा डेटमोल्डहून परत गेले आणि काउंट रीजंट झाला. कैसरला हे पचलं नाही. १८९८ मध्ये डेटमोल्डच्या छावणीतले प्रशियन, म्हणजे कैसरच्या स्वतःच्या राज्याचे, सैनिक रीजंटच्या मुलांना सलाम करेनात, रीजंटने कैसरला तक्रारीचं पत्र लिहिलं तर तारेने उत्तर आलं, आशय असा की रीजंटला रीजंटचं मिळेल, बाकी काही नाही, आणि मला पुन्हा असल्या सुरात लिहायचं नाही. ही तार पेपरात फुटली आणि इतर छोटे राजेही बिथरले, कारण आज लिप्पे तर उद्या आम्ही.

शाउमबुर्गवाले तरी गप्प कुठले. आजी पास झाली तर आता रीजंटची बायको धरली, ती पण नुसती काउंटेस, म्हणून मुलं हक्कदार नाहीत. १९०४ च्या सप्टेंबरमध्ये रीजंट वारला, मुलाने कारभार हातात घेतला, तर कैसरची परत तार, मी तुम्हाला मानत नाही आणि सैन्याची शपथही होणार नाही. जानेवारी १९०५ मध्ये तो आजारी प्रिन्सही गेला. मग प्रकरण लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात आणि ऑक्टोबर १९०५ मध्ये अंतिम निकाल, बीस्टरफेल्डच खरे. दहा वर्षं गेली यात. आणि ज्या गादीसाठी एवढं केलं ती १३ वर्षांत, नोव्हेंबर १९१८ मध्ये, बाकी सगळ्यांबरोबर गेली.

पण याच्या पुढचं जास्त मजेशीर आहे. गादी जिंकलेल्या प्रिन्सच्या सख्ख्या भावाने १९०९ मध्ये एका घटस्फोटित बाईशी लग्न केलं, ती साध्या सरदार घराण्यातली. आणि ज्या घराने 'आमची आजी बरोबरीची' म्हणून दहा वर्षं कोर्ट लढवलं त्याच घराने या सुनेला सांगितलं, तू बरोबरीची नाहीस! लग्न मॉर्गनॅटिक ठरलं, १९११ ला मुलगा झाला तो लिप्पेचा प्रिन्स नाही, नुसता बीस्टरफेल्डचा काउंट. १९१६ मध्ये काकांना पाझर फुटला आणि त्यांनी भावजयीला आणि पुतण्यांना प्रिन्स-प्रिन्सेस करून टाकलं, एका कागदाने. हाच मुलगा १९३७ मध्ये हॉलंडच्या युवराज्ञीचा नवरा झाला, त्याची मुलगी १९८० ते २०१३ हॉलंडची राणी होती आणि आज नातू राजा आहे. हॉलंडमध्ये कूळ बघणं मागे पडलं, तिथे संसदेची संमती लागते, १९६४ मध्ये याच घरातल्या एका राजकन्येने ती न घेता लग्न केलं आणि वारसाहक्क घालवला.

कैसरच्या बहिणीचं काय झालं तर नवरा १९१६ मध्ये गेला आणि १९२७ मध्ये साठीला आलेल्या बाईंनी पस्तीसेक वर्षांनी लहान एका रशियन भटक्याशी लग्न केलं, दिवाळं निघालं, घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. बॉनमधला त्यांचा बंगला पुढे पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरचं ऑफिस झाला.

जर्मनीत १९१९ च्या घटनेने पदव्या फक्त आडनावापुरत्या ठेवल्या, त्यामुळे आता तिथे 'प्रिन्स' हे कायद्याने आडनाव आहे, दत्तक जाऊनसुद्धा मिळतं, आणि १९८० मध्ये अनहाल्टच्या एका म्हाताऱ्या राजकन्येने एका सामान्य माणसाला दत्तक घेतलं तो पुढे हॉलिवुडच्या नटीचा नवरा म्हणून गाजला. घराणी अशांना आपलं मानत नाहीत हा भाग वेगळा. बरोबरीच्या कुळाची अट मात्र गादी गेल्यावरही मृत्युपत्रांत टिकली, कारण इस्टेटी होत्या. कैसरच्याच घरात १९३८ चा एक वारसा करार होता, अट तीच, बरोबरीच्या घरात लग्न केलंस तरच मुख्य वारस. थोरल्या पणतवाने १९६७ मध्ये सामान्य मुलीशी लग्न केलं होतं, बाप १९९४ मध्ये वारल्यावर तो कोर्टात गेला. १९९८ मध्ये वरच्या कोर्टाने अट तत्त्वतः चालेल म्हटलं, २००४ मध्ये घटना न्यायालयाने ते फिरवलं, कारण इतकी मोठी इस्टेट टांगून ठेवली आणि चालणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली तर लग्नाच्या स्वातंत्र्यावर दबाव येतोच. तरी शेवटी इस्टेटीचा मुख्य वारस राहिला तो त्याचा पुतण्याच, आणि त्याने २०११ मध्ये लग्न केलं ते इझेनबुर्ग घराण्यात. १८१५ च्या त्या १४व्या कलमातल्या घराण्यांपैकी एक.