दहाच्या पुढचे बिल्ले

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात एक बिल्ला मिळतो. चपला कुठल्या फळीवर गेल्या हे ठाऊक नसलं तरी चालतं, बिल्ला दाखवला की काम होतं. युनिक्स किंवा लिनक्समध्ये प्रोग्रामने फाइल उघडली की कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याला असाच बिल्ला देतो: फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे नुसता एक पूर्णांक. ० वरून वाचायचं, १ वर लिहायचं, २ वर चुका कळवायच्या, असा संकेत आहे.

बिल्ला देण्याचा नियम मला फार सुंदर वाटतो: मोकळ्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान द्यायचा. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमधल्या सुरुवातीच्या शेलने, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने, एवढ्यावरच काम भागवलं. 'एलएस > यादी' लिहिलं, म्हणजे फाइलींची नावं दाखवणाऱ्या एलएसचा मजकूर पडद्याऐवजी 'यादी' या फाइलमध्ये पाठवायला सांगितलं, की शेल फोर्क या सिस्टिम कॉलने (कर्नलकडे केलेल्या मागणीने) स्वतःची प्रत काढतो. ती प्रत १ बंद करते आणि लगेच 'यादी' उघडते. ० वापरात, १ नुकताच मोकळा झालेला, त्यामुळे फाइलला १ च मिळतो. मग ती प्रत एक्झेक या दुसऱ्या कॉलने एलएस बनते, पण बिल्ले तसेच राहतात. आपण पडद्यावर लिहितोय की फाइलमध्ये, याची एलएसला फिकीर करावी लागत नाही. आता हेच काम डप२ हा सिस्टिम कॉल एका झटक्यात करतो.

नवशिके अडखळतात ते '२>&१' पाशी. 'एलएस > यादी २>&१' लिहिलं तर चुकाही फाइलमध्ये जातात. 'एलएस २>&१ > यादी' लिहिलं तर चुका पडद्यावरच राहतात. शेल या सूचना डावीकडून उजवीकडे पाळतो, आणि २ काही १ च्या मागे मागे फिरत नाही. त्या क्षणी १ जिथे जोडलेला असेल तिथे २ जोडला जातो, बस. पुढे १ दुसरीकडे वळला तरी २ जागचा हलत नाही. मला हे कागदावर बाण काढले तेव्हाच नीट उमगलं. अडलेल्या प्रत्येकाला मी तेच करायला सांगतो.

खरी कसोटी पुढे आहे. 'एको नमस्कार > चिठ्ठी' मध्ये एको ही दिलेला मजकूर छापणारी, शेलच्या पोटातलीच आज्ञा, त्यामुळे फोर्क होत नाही. शेलला स्वतःचाच १ वळवून काम झाल्यावर पूर्ववत करावा लागतो. म्हणून तो आधी जुन्या १ ची प्रत काढून ठेवतो, आणि कर्नलला सांगतो, 'मला १० किंवा त्यापुढचाच मोकळा क्रमांक दे.' दहाच का? ० ते ९ हे क्रमांक पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकानुसार स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लिहिणाऱ्यासाठी आहेत. शेलने आपली प्रत ३ वर ठेवली आणि तुम्ही '३> नोंदी' लिहिलंत, तर परतीची वाटच पुसली जाईल. त्या प्रतीवर 'एक्झेक होताच बंद कर' अशी खूणही असते, म्हणजे ती दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती पडत नाही.

स्क्रिप्ट वाचायची फाइलही शेलला अशीच लांब ठेवावी लागते. डॅश नावाचा शेल ती १० वर ठेवतो, बॅश नावाचा शेल सहसा २५५ वर. लिनक्सच्या प्रोक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रक्रियेचे हे क्रमांक उघड दिसतात, जरूर बघा.

बॅशच्या ४.१ आवृत्तीपासून क्रमांक निवडण्याचं काम शेलवर सोपवता येतं. महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव दिलं की तो १० किंवा त्यापुढचा मोकळा क्रमांक शोधून त्यात भरतो. मात्र हा बिल्ला आज्ञा संपल्यावर आपोआप परत जात नाही. तो बंद करण्याची ओळ तुम्हालाच लिहावी लागते.